आईचा आवडता तक्ता आणि माझी टी-चाचणी

'पेट' आणि नेट-सेटची तयारी करणारी मुलं-मुली भेटली की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "ताई, विषय कसा निवडायचा?" त्यातले बी.एड., एम.एड. करून आलेले बरेच जण मात्र विषय ठरवूनच येतात. 'प्राथमिक स्तरावर शैक्षणिक साहित्याचा विद्यार्थ्यांच्या संपादणुकीवर होणारा परिणाम : एक अभ्यास.' जिल्हा, इयत्ता आणि विषय तेवढा बदलतो. निष्कर्षही बहुतेक ठरलेलाच असतो : साहित्य वापरलं, गुण वाढले, सबब शासनाने साहित्य पुरवावं.

आज या तयार साहित्याचीच जरा चिकित्सा करू. तक्ता, गणिताची पेटी, क्यूआर कोडवरचा व्हिडिओ, काड्यांची खेळणी अशा प्राथमिकच्या शिक्षकांना मनापासून आवडणाऱ्या गोष्टी. मी शिक्षणशास्त्राची नाही. माझी पीएच.डी. भौतिकशास्त्रात, परळीच्या थर्मलमधून निघणाऱ्या राखेवर चालू आहे. तरी या विषयात नाक खुपसायला दोन कारणं आहेत. एक, माझी आई आयुष्यभर जिल्हा परिषदेची प्राथमिक शिक्षिका होती. दुसरं, याच विषयावर मी एकदा कुणाला तरी टी-चाचणी करून दिली होती, आणि ती चुकीची होती.

तक्ता

आई गेल्या वर्षी निवृत्त झाली. परळीपासून थोड्या अंतरावरच्या गावात तिची दोनशिक्षकी शाळा, पहिली ते चौथी. निवृत्तीच्या दिवशी शाल-श्रीफळासोबत घरी एक गुंडाळी आली, सुतळीने बांधलेली. आत तिचे तक्ते. शरीराचे अवयव, फळं, वाहतुकीची साधनं, सौरमाला, आणि तिचा सगळ्यात लाडका : 'ऋतू कसे होतात'. मोंढ्यातल्या दुकानातून स्वतःच्या पैशाने आणलेला. कडांना कापडी पट्टी चिकटवलेली, म्हणून इतकी वर्षं टिकला.

हा तक्ता तुम्हीही पाहिला असेल. मधे पिवळाधमक सूर्य. भोवती लांबुळकी, दाबलेल्या अंड्यासारखी कक्षा. तिच्यावर चार ठिकाणी चार पृथ्व्या.

मी चौथीपर्यंत आईच्याच शाळेत होते. याच तक्त्यावर शिकले. आणि बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षापर्यंत माझी पक्की समजूत होती की पृथ्वी सूर्याच्या जवळ गेली की उन्हाळा आणि लांब गेली की हिवाळा. भौतिकशास्त्राची विद्यार्थिनी! पृथ्वीचा आस कलला आहे हे पाठ होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. पण मनात जे चित्र होतं ते त्या अंड्याचं.

खरे आकडे असे. पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर. सगळ्यात लांब असते जुलैच्या सुरुवातीला, सुमारे १५.२ कोटी किलोमीटरवर. म्हणजे आपण स्वेटर शोधतो तेव्हा सूर्य जवळ असतो, आणि मे महिन्यात परळीत पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा तो त्याहून लांब गेलेला असतो. आता कक्षा कागदावर काढू. ४० सेंटिमीटर रुंदीची कक्षा बरोबर प्रमाणात काढली, तर तिची उंची ४० सेंटिमीटरपेक्षा एका मिलिमीटरच्या दहाव्या भागानेसुद्धा कमी भरत नाही. पेन्सिलची रेघ त्याहून जाड असते. सूर्य मधोमध न काढता तीनेक मिलिमीटर बाजूला काढावा लागेल, एवढाच फरक. थोडक्यात, कंपासने काढलेलं वर्तुळच.

मग छापणाऱ्याने चूक केली का? नाही, आणि मुद्दा इथेच आहे. त्याने कक्षा तिरक्या नजरेने बघून काढली आहे. ताटलीकडे बाजूने बघितलं की ती जशी लांबट दिसते, तशी. चित्रकाराच्या दृष्टीने ते बरोबर आहे. पण तिसरीच्या लेकराला 'हे तिरकं बघितलेलं वर्तुळ आहे' असं कुणी सांगत नाही. ते लेकरू अंडं बघतं आणि अंडंच शिकतं.

ही अडचण एकट्या परळीची नाही. १९८७ साली अमेरिकेत 'अ प्रायव्हेट युनिव्हर्स' नावाचा एक छोटा माहितीपट तयार झाला. हार्वर्ड विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात २३ जणांना विचारलं, ऋतू का होतात किंवा चंद्राच्या कला का दिसतात? त्यातल्या २१ जणांच्या उत्तरात गैरसमज निघाले. ऋतूंच्या बाबतीत नेहमीचा गैरसमज तोच, सूर्य जवळ येण्याचा.

सौरमालेच्या तक्त्याचंही तसंच. त्यावर सूर्यापासून नेपच्यूनपर्यंत सगळे एका हातात मावतात. प्रमाण घेऊन बघा. १ सेंटिमीटर म्हणजे १ लाख किलोमीटर धरा. सूर्य १४ सेंटिमीटरचा चेंडू होईल. गुरू गोटीएवढा, पृथ्वी मोहरीएवढी. ही मोहरी चेंडूपासून १५ मीटरवर ठेवावी लागेल आणि नेपच्यून साधारण ४५० मीटरवर. सूर्यानंतरचा सगळ्यात जवळचा तारा तर सुमारे ४,००० किलोमीटरवर, म्हणजे काश्मीर ते कन्याकुमारीपेक्षाही लांब. हा धडा भिंतीवर मावत नाही, पण शाळेपासून गावाच्या वेशीपर्यंत चालत गेलं तर नेपच्यूनपर्यंत नक्की मावतो.

संशोधनाच्या भाषेत याला सप्रमाणतेचा प्रश्न म्हणतात. आपण जे शिकवतोय असं आपल्याला वाटतं, तेच शिकवलं जातंय का? तयार साहित्यात दोन गोष्टी असतात : जे छापलंय ते, आणि मुलाला जे दिसतं ते. प्रबंधांमध्ये पहिल्या गोष्टीचं वर्णन पानंच्या पानं असतं. दुसऱ्या गोष्टीबद्दल मुलांना कुणी विचारलेलंच नसतं.

माझी टी-चाचणी

आता माझी चूक. काही वर्षांपूर्वी एक मैत्रीण एम.एड. करत होती. तिचा विषय वर सांगितलेलाच. तिने काही शाळा घेतल्या होत्या, अर्ध्यांमध्ये साहित्याची पेटी उघडून वापरली जात होती, अर्ध्यांमध्ये ती कपाटात बंद होती. दोन्हीकडच्या मुलांचे गुण तिने आणले आणि म्हणाली, "तुला संख्याशास्त्र येतं, तेवढं करून दे." मी एका संध्याकाळी करून दिलं. फरक सार्थ निघाला, पी-मूल्य ०.०५ च्या खाली. आम्ही स्टेशन रोडला जाऊन भजी खाल्ली. प्रबंध मंजूर झाला.

पुढे कधीतरी त्या शाळांची नावं पुन्हा नजरेखालून गेली आणि मी चपापले. पेटी वापरणाऱ्या शाळा जवळजवळ सगळ्या डांबरी रस्त्यावरच्या. तिथे शिक्षकांची पदं भरलेली, मुख्याध्यापक हौशी. पेटी बंद असलेल्या शाळांपैकी काही ठिकाणी एकच शिक्षक, तोही अर्धा वेळ मीटिंगला आणि माहिती भरायला. मग त्या गुणांमधला फरक पेटीचा की शिक्षकाचा? आम्ही पेटी मोजलीच नव्हती. आम्ही डांबरी रस्ता मोजला होता.

टी-चाचणीचं गणित अगदी बरोबर होतं. चूक त्याच्या आधी झाली होती, गट पाडताना. आणि गट आम्ही पाडलेही नव्हते, परिस्थितीने पाडलेले तसेच उचलले होते.

केनियातले तक्ते

हीच चूक समजून घ्यायला याहून चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही, आणि योगायोगाने ते तक्त्यांचंच आहे. पॉल ग्लुवे, मायकेल क्रेमर, सिल्वी मूलँ आणि एरिक झिट्झेविट्झ यांचा हा शोधनिबंध २००४ चा. यातल्या क्रेमर यांना पुढे २०१९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

केनियातल्या ग्रामीण प्राथमिक शाळांमध्ये उलटत जायचे तयार तक्ते वापरले जात. या लोकांनी एकच प्रश्न दोन पद्धतींनी सोडवला. पहिली पद्धत आमचीच : ज्या शाळांकडे तक्ते आधीपासून आहेत आणि ज्यांच्याकडे नाहीत, त्यांची तुलना. या पद्धतीने तक्त्यांमुळे गुण प्रमाण विचलनाच्या २० टक्क्यांपर्यंत वाढतात असं दिसलं. शाळेतल्या इतर सोयी हिशेबात धरल्या तरी हा आकडा खाली आला नाही. म्हणजे आमच्यापेक्षा बरीच जास्त काळजी घेऊनसुद्धा.

दुसरी पद्धत : १७८ शाळा घेतल्या, त्यातल्या निम्म्या चिठ्ठ्या टाकाव्यात तशा यादृच्छिक पद्धतीने निवडल्या, आणि फक्त त्यांनाच तक्ते दिले. आता रस्ता, हौशी मुख्याध्यापक, सुशिक्षित पालक हे सगळं दोन्ही गटांत सारखंच वाटलं गेलं. वेगळं काय, तर फक्त तक्ते. निकाल? गुण वाढल्याचा काहीच पुरावा मिळाला नाही.

तक्ते तेच, भागही तोच. एका पद्धतीने उत्तर 'उपयोगी' आणि दुसरीने 'पुरावा नाही'. मला वाटतं, संशोधनपद्धतीच्या पेपरमध्ये 'बाह्य चल' या शब्दाची व्याख्या पाठ करण्यापेक्षा हे एक उदाहरण नीट समजून घ्यावं. जी शाळा तक्ता विकत आणते ती आधीच वेगळी शाळा असते. माझ्या आईसारखी बाई स्वतःच्या पगारातून तक्ता आणते, त्याला कापडी पट्टी लावते. तिच्या वर्गातली मुलं पुढे गेली तर श्रेय कुणाला द्यायचं? तक्त्याला की पट्टी लावणाऱ्या हातांना?

पेटी आणि 'एकोणतीस'

आता गणिताच्या पेटीकडे येऊ. १९८६ च्या शैक्षणिक धोरणानंतर 'खडू-फळा मोहीम' आली, तेव्हापासून पेट्या शाळांमध्ये येत राहिल्या. पेटीची पहिली शत्रू म्हणजे डेडस्टॉकची वही. तिच्यात नोंद झाली की मणी हरवला तर जबाबदार कोण, हा प्रश्न येतो. मग पेटी कपाटात आणि किल्ली गुरुजींच्या खिशात. साहित्य टिकतं, मुलं मात्र बोटांवरच मोजतात.

पेटी उघडली तर उपयोग होतो का? इथे पुरावा बरा आहे. कार्बोनो, मार्ली आणि सेलिग यांनी २०१३ मध्ये हाताळायच्या साहित्यावरच्या ५५ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. सरासरी परिणाम लहान ते मध्यम, पण साहित्याच्या बाजूने. मात्र तो सगळीकडे सारखा नाही. कोणता घटक शिकवताय, साहित्यासोबत किती मार्गदर्शन करताय, यावर बदलतो.

म्हणून 'पेटी चांगली का?' असं विचारण्यात अर्थ नाही. पेटीतली कुठली वस्तू, कशासाठी, हे विचारावं लागतं. दशक शिकवायला पेटीत दोन गोष्टी असतात. दहा काड्यांचा गठ्ठा आणि खेळण्यातली दहाची नोट. गठ्ठ्याचं रबर काढलं की दहा सुट्या काड्या समोर पडतात. नोट कितीही फाडली तरी तिच्यातून दहा रुपये बाहेर पडत नाहीत, ती दुकानात मोडावीच लागते. हातच्याची वजाबाकी पहिल्यांदा कळायची असेल तर गठ्ठा हवा. पण सोमवारच्या बाजारात आईसोबत बसणाऱ्या पोराला नोट मोडणं आधीपासून येतं, त्याला गठ्ठा सोडत बसवणं म्हणजे मागे नेणं. एकच पेटी, दोन मुलं, दोन निकाल. सरासरी काढली की दोघंही गायब.

आणखी एक गोष्ट, जी बाहेरून आलेल्या पेटीला दिसत नाही. आपले मराठी आकडे. गठ्ठे दाखवतात दोन दशक आणि नऊ सुटे. तोंड म्हणतं एकोणतीस, म्हणजे एक उणा तीस. हाताला वीस दिसतात आणि कानाला तीस ऐकू येतात. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असं वाचन आलं तेव्हा केवढा वाद झाला होता, आठवत असेल. वाद भाषेच्या अभिमानाचा झाला, पण मुळात अडचण खरी होती. गंमत अशी की शंभर मण्यांच्या माळेवर 'एकोणतीस' हा शब्द छान दिसतो : तीसच्या अलीकडचा मणी. म्हणजे स्थानिक किंमत शिकवायला गठ्ठा, आणि एकोणतीस शिकवायला माळ. कुणाला विषय हवा असेल तर हा घ्या. गठ्ठा की माळ, आणि कुठल्या आकड्यांसाठी? छोटा आहे, मोजता येतो, आणि आपल्या भाषेचा आहे.

क्यूआर कोड आणि ऊसतोड

२०१७ मध्ये 'दीक्षा' आलं आणि पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड छापले जाऊ लागले. स्कॅन केलं की व्हिडिओ. चांगले व्हिडिओ खरोखर चांगले आहेत, आणि ऋतूंची हालचाल दाखवायला भिंतीवरच्या चित्रापेक्षा हलतं चित्र कधीही बरं.

पण रिचर्ड क्लार्क यांनी १९८३ मध्येच सांगून ठेवलंय की माध्यम म्हणजे भाजीपाला आणणारी गाडी. गाडी बदलली म्हणून माणसाचं पोषण बदलत नाही, गाडीत काय भरलंय त्याने बदलतं. यावर पुढे बरीच वर्षं वाद झाला, कारण काही भाज्या काही गाड्यांतूनच येऊ शकतात. तरीही 'व्हिडिओ विरुद्ध पारंपरिक पद्धत' असा विषय घेण्याआधी क्लार्क वाचाच. बहुतेक वेळा व्हिडिओवाल्या गटाला धडाही वेगळा मिळालेला असतो, वेळही जास्त मिळालेला असतो, आणि नव्या गोष्टीची मजा असते ती वेगळीच.

आपल्या जिल्ह्यात आणखी एक खाच आहे. दिवाळीच्या आसपास कोयते निघतात. आई-बाप पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात कारखान्यांवर जातात ते पाडव्याच्या सुमारास परततात. घरातला एकुलता एक फोन त्यांच्यासोबत जातो. काही लेकरं आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहतात, काही फडावरच जातात. आता तुमचा अभ्यास बघा. पूर्वचाचणी ऑगस्टमध्ये, उत्तरचाचणी जानेवारीत. जानेवारीत वर्गात बसलेली मुलं कोण? जी गेली नाहीत ती. ज्यांचं शिकणं सगळ्यात जास्त तुटतं, ती तुमच्या तक्त्यातून गळाली. मग सरासरी आपोआप वर जाते, आणि तुम्ही लिहिता : 'व्हिडिओमुळे संपादणुकीत वाढ'.

याला नमुन्याची गळती म्हणतात. पुस्तकात तो अर्ध्या पानाचा मुद्दा असतो. बीड जिल्ह्यात तो अख्खा प्रबंध आहे. पूर्वचाचणीला किती होते, उत्तरचाचणीला किती उरले आणि न उरलेले कुठे गेले, या तीन ओळी नसलेला निष्कर्ष मी तरी आता वाचत नाही.

काड्या आणि व्हॉल्व्ह ट्यूब

सगळ्याच साहित्यावर टीका करून मी मोकळी होणार नाही. एक आवडतं साहित्य माझ्या परीक्षेला उतरतं. आयआयटी कानपूरचे इंजिनिअर अरविंद गुप्ता पुण्यात टेल्कोत नोकरीला होते. १९७८ मध्ये रजा घेऊन ते होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले आणि तिथे काड्यापेटीच्या काड्या व सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून आकार करायची युक्ती निघाली. तीन काड्यांचा त्रिकोण करा, दाबा, हलत नाही. चार काड्यांचा चौकोन करा, दाबा, कलंडतो. एक तिरपी काडी घाला, ताठ उभा राहतो.

हे मला का आवडतं? स्वस्त आहे म्हणून नाही. इथे चूक-बरोबर कोण सांगतं ते बघा. बाई सांगत नाहीत, पुस्तक सांगत नाही, चौकोन स्वतः कलंडून सांगतो. मुलाला तक्त्याशी भांडता येत नाही, काडीशी येतं. आणि तोच पोरगा शाळेबाहेर विजेचा मनोरा बघतो तेव्हा त्यातले त्रिकोण त्याला दिसायला लागतात.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि पुढे कोसबाडला हेच केलं होतं. १९४५ मध्ये बोर्डीला बालवाडी सुरू झाली तेव्हा माँटेसोरीची मूळ साधनं महाग होती, परवडणारी नव्हती. त्यांनी बिया, शंख-शिंपले, खडे, पानं वापरली. माँटेसोरीचं लाकूड त्यांनी सोडलं, विचार धरून ठेवला. तयार साहित्याची नक्कल करणं आणि त्यातलं तत्त्व उचलणं यातला फरक इथे कळतो.

आई काय म्हणाली

हे सगळं मी आईला मोठ्या उत्साहात सांगितलं. ऋतूंचा तक्ता पलंगावर पसरला, अंड्यासारखी कक्षा दाखवली, केनियाची गोष्ट सांगितली. ती ऐकत होती. मग उठून आत गेली. रात्री जेवताना बोलली.

"तुझं सगळं खरं असंल. पण एक सांग, माझ्या खोलीत किती वर्ग होते?"

"दोन."

"दोन कागदावर. सर मीटिंगला गेले की चार. पहिलीच्या लेकरांचा हात धरून मी अक्षर गिरवून घ्यायले, तेव्हा तिसरी-चौथी काय करणार? तक्ता लावायचा आणि म्हणायचं, बघा आणि वहीत काढा. पंधरा मिनिटं मिळायची मला. त्या पंधरा मिनिटांत पहिली वाचायला शिकली. आता सांग, तक्ता कामाचा का बिनकामाचा?"

मी गप्प. तिने पुढे आणखी एक सांगितलं, "आणि साहेब आले की आधी भिंती बघतात. बोलक्या भिंती नसल्या तर शेऱ्यात येतं. तू कधी शेरा घेतलायस का?"

माझ्या सगळ्या चिकित्सेत हे नव्हतं. केनियाच्या अभ्यासातही तक्त्यांचा परिणाम मोजला तो परीक्षेच्या गुणांवर. आईने तक्त्याकडून जे काम घेतलं ते गुणांचं नव्हतंच, वेळेचं होतं. आणि त्या वेळेचा फायदा तक्त्यासमोर बसलेल्या मुलांना नाही, पलीकडे बसलेल्या पहिलीला झाला. तिसरीच्या गुणांत तो कधीच दिसला नसता. मी तक्त्याला चुकीच्या कामासाठी नापास करत होते.

पण म्हणून तक्ता निर्दोष ठरत नाही. आईला पंधरा मिनिटं मिळाली, खरंय. त्याच पंधरा मिनिटांत मी अंडं शिकले, हेही खरं. दोन्ही एकाच ठिकाणी लिहायची तयारी असली तरच ती चिकित्सा. एकच बाजू लिहिली तर ती एकतर जाहिरात होते, नाहीतर शेरा.

मग आम्ही दोघी बसलो. ऋतूंसाठी याहून चांगलं काय? उत्तर शाळेच्या अंगणातच निघालं. परळी साधारण १८.८५ अंश उत्तर अक्षांशावर आहे. एक मीटरची काठी उभी रोवली आणि सूर्य डोक्यावर येतो तेव्हाची, म्हणजे आपल्याकडे बारा वीस ते साडेबाराच्या दरम्यानची, सावली मोजली तर गणिताने २१ डिसेंबरला ती सुमारे ९१ सेंटिमीटर भरते, २१ मार्चला ३४, मेच्या मध्यात शून्य. आणि २१ जूनला आठेक सेंटिमीटर, पण दक्षिणेकडे! ऊन तिरपं आणि ऊन सरळ, यातला फरक लेकराला पायाने मोजता येतो. अडचण एकच, शून्य सावलीचा मे महिन्यातला दिवस सुट्टीत येतो आणि जुलैअखेरचा दुसरा बहुधा ढगांत. आई म्हणाली, "चालतंय. डिसेंबर आणि मार्च पुरे. बाकीचं लेकरं घरी बघतील."

विषय घेण्याआधी

तर 'साहित्याचा परिणाम' हा विषय वाईट नाही. तो घ्या, पण आधी चार गोष्टी करा.

१. शिक्षकाला विचारा की या साहित्याकडून तो नेमकं काय काम घेतो. तेच काम मोजा. गुण मोजणं सोपं आहे म्हणून गुणच मोजू नका.

२. साहित्य बघितल्यावर पाच-सहा मुलांशी बोला. "हे काय आहे? सांग बरं." त्यांना दिसलेलं लिहून काढा. सप्रमाणता इथून सुरू होते.

३. गट कुणी पाडले ते प्रामाणिकपणे लिहा. शाळा चिठ्ठ्या टाकून निवडता येत नसतील तर तसं लिहा, आणि निष्कर्षात 'परिणाम' ऐवजी 'संबंध' हा शब्द वापरा. मार्गदर्शक कुरकुरले तरी.

४. गळालेली मुलं मोजा. आपल्या जिल्ह्यात तर नक्कीच.

माझ्या मैत्रिणीला मी फोन केला होता. तिला सांगितलं की आपली चाचणी चुकली होती. ती हसली, म्हणाली, "आता काय त्याचं? नोकरी लागली ना मला." खरंय तिचं. पण तो प्रबंध ग्रंथालयात आहे, आणि उद्या कुणीतरी 'पूर्वसंशोधनाचा आढावा' लिहिताना तो आकडा उचलणार आहे. म्हणून हा लेख लिहिला.

आईचा तक्ता आता तिच्या जागी आलेल्या नव्या बाईंकडे जाणार आहे. गुंडाळण्याआधी आईने एक पांढरी पट्टी कापली, कक्षेच्या खाली चिकटवली आणि फळ्यावर लिहायची त्याच वळणदार अक्षरात लिहिलं : 'हे चित्र बाजूने बघून काढले आहे. खरी कक्षा बांगडीसारखी गोल आहे. जानेवारीत आपण सूर्याच्या सर्वांत जवळ असतो. मग थंडी का वाजते? काठी रोवा.'